शनिवारच्या बसची वंशावळ

1764 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या तुलूझ गावी ॲडम स्मिथ पार कंटाळून गेला होता. ग्लासगो विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून तो बक्ल्यूच्या तरुण ड्यूकला सांभाळायला आला होता. वर्षाला 300 पौंड पगार आणि काम संपल्यावर तेवढेच पेन्शन तहहयात. प्राध्यापकीत एवढे कुठले मिळायला? पण गावात ओळखीचे कोणी नव्हते आणि फ्रेंच धड बोलता येत नव्हते. वेळ जावा म्हणून एक पुस्तक लिहायला घेतले आहे, असे त्याने मित्राला, डेव्हिड ह्यूमला, पत्राने कळवले. 'वेल्थ ऑफ नेशन्स'ची सुरुवात या कंटाळ्यातून झाली असे बरेच अभ्यासक मानतात. मला मात्र त्या मुक्कामातल्या छोट्या फेऱ्यांचे कुतूहल आहे. बिऱ्हाड तुलूझला ठेवून गुरू-शिष्य बोर्दोला जाऊन आले, पिरेनीजच्या पायथ्याच्या बान्येरला गेले, लांगदॉक प्रांताची सभा कशी भरते ते पाहायला माँपेल्येला गेले. शिकण्यासाठी परक्या मुलखात राहायचे आणि मधूनच आजूबाजूची नामांकित ठिकाणे पाहून यायची. लंडनला शिकणारी मुले आज शनिवारी भल्या सकाळी बसमध्ये बसून स्टोनहेंज आणि बाथला जातात, त्या सहलीचा सांगाडा इथे जवळजवळ पुरा दिसतो. तेव्हा एका विद्यार्थ्यामागे एक मास्तर असे, एवढाच काय तो फरक.

हा मास्तर फार महत्त्वाचा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रज उमरावांच्या 'ग्रँड टूर'मध्ये पोराने काय पाहावे, कोणाला भेटावे आणि कोणाकडे अजिबात फिरकू नये, हे तोच ठरवायचा. पैसे बापाचे, नजर मास्तरची. ती नजर किती पुरी पडे हा प्रश्नच आहे. खुद्द स्मिथने 1776 मध्ये लिहून ठेवले की परदेशी पाठवलेली पोरे बहुधा जास्त गर्विष्ठ आणि जास्त उधळी होऊन घरी येतात. तहहयात पेन्शन खाऊन हे म्हणायला धाडस लागते.

बसमध्ये गर्दी व्हायला पुढे शंभर वर्षे लागली. 5 जुलै 1841 ला थॉमस कुक या दारूबंदीवाल्याने लेस्टरहून लफबरोला शिलिंगभर दरात आगगाडी भरून माणसे नेली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिथेही हेतू सहलीचा कमी आणि सुधारणेचा जास्त होता: माणसे गुत्त्यापासून लांब राहावीत. पण नुसती गाडी असून भागत नाही. सुट्टी लागते आणि पाहायला जागा शिल्लक लागते. या दोन्ही गोष्टी कायद्याने मिळवून देण्यात एकाच माणसाचा मोठा हात आहे, आणि त्याचे नाव सहलीला गेलेल्या कोणाला सहसा माहीत नसते.

जॉन लबक. धंद्याने बँकवाला, डार्विनचा शेजारी आणि चेला, किडामुंगीचा अभ्यासक. अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग करून त्यांना आज जगभर चालणारी नावे त्याने 1865 मध्ये दिली. शनिवारची अर्धी सुट्टी आधीच आली होती. 1850 च्या फॅक्टरी ॲक्टने कापडगिरण्यांतल्या बायकांचे आणि पोरांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले होते. त्यात लबकने 1871 मध्ये बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा संसदेतून पार पाडला. लोक त्या सुट्ट्यांना गमतीने 'संत लबकचा दिवस' म्हणू लागले. त्याच वर्षी एव्हबरीच्या शिळावर्तुळाच्या जागेवर घरे उठणार असे कळताच त्याने स्वतःच्या पैशाने तिथली जमीन विकत घेतली. मग प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा व्हावा म्हणून तो नऊ वर्षे झगडला. माझ्या जमिनीवरच्या धोंड्यांत सरकारने का नाक खुपसावे, हा जमीनदारांचा सवाल होता. 1882 मध्ये कायदा झाला खरा, पण इतका मवाळ की मालकाची मर्जी असेल तरच सरकारने वास्तू ताब्यात घ्यावी. यादीत स्टोनहेंज होते. त्याच्या मालकाची मर्जी नव्हती.

हे मालक अँट्रोबस घराणे. 1877 मध्ये डार्विनला तिथे गांडुळे पाहायची होती, कोसळलेल्या शिळा जमिनीत कशा रुतत जातात ते तपासायला. त्याला मालकांनी खणायची परवानगी दिली. म्हातारा डार्विन घरच्यांना घेऊन स्टोनहेंजला गेला, तो गांडुळांसाठी. या स्थळाच्या इतिहासातली ही मला सर्वांत आवडती सहल. 1900 च्या अखेरच्या दिवशी एक उभी शिळा पडली आणि पुढच्या वर्षी अँट्रोबसांनी कुंपण घालून माणशी एक शिलिंग तिकीट लावले. त्यावर कोर्टकचेरी झाली, तिकीट टिकले. 1915 च्या लिलावात सेसिल चब नावाच्या वकिलाने स्टोनहेंज 6,600 पौंडांना घेतले आणि 1918 मध्ये देशाला देऊन टाकले. (नागपूरजवळ जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिळावर्तुळे आहेत. स्टोनहेंजचे फोटो घरी पाठवणाऱ्या वैदर्भीय मुलांपैकी किती जण तिथे गेले असतील, हे विचारायचा मोह मी आवरतो.)

आता आपली मुले. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटरने 1870 मध्ये 'नॅशनल इंडियन असोसिएशन' काढली. राजा राममोहन रॉय 1833 मध्ये ब्रिस्टलला वारले, तेव्हा कार्पेंटर घराण्याशी त्यांचा घरोबा होता. मेरीबाईंची हिंदुस्थानविषयीची ओढ तिथली. त्यांच्यामागे ॲडलेड मॅनिंग या बाईंनी संस्थेचा कारभार लंडनहून पाहिला. नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये ऑक्सफर्डला गेल्या, त्यांना याच मॅनिंगबाईंचा आधार होता. संस्था हिंदी विद्यार्थ्यांसाठी चहापानाचे मेळावे आणि व्याख्याने ठेवी आणि प्रेक्षणीय ठिकाणी सहलीही नेई. मुलांना इंग्लंड दाखवावे, तेही त्यातले भले इंग्लंड, अशी त्यामागे मनापासूनची इच्छा होती. पण लक्ष ठेवणेही त्यात आलेच. घरापासून हजारो मैल लांब असलेला विशीतला पोरगा मोकळ्या शनिवारी काय करतो, याची काळजी आई-बापांइतकीच सरकारलाही होती. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली 1907 मध्ये हिंदी विद्यार्थ्यांबद्दल चौकशी समिती नेमली गेली, कारण हायगेटच्या 65, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर श्यामजी कृष्ण वर्मांनी 1905 मध्ये उघडलेल्या 'इंडिया हाउस'मध्ये मुले वेगळेच काही शिकत होती.

1 जुलै 1909 च्या रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. तो समारंभ नॅशनल इंडियन असोसिएशनचाच होता. धिंग्रा इंजिनियरिंगचा विद्यार्थी होता. त्याच वर्षी हिंदी विद्यार्थ्यांसाठी सरकारी सल्लागार म्हणून टी. डब्ल्यू. आर्नल्ड यांची नेमणूक झाली आणि 1910 मध्ये 21, क्रॉमवेल रोडला विद्यार्थ्यांसाठी सरकारच्या आश्रयाखाली घर उघडले. असोसिएशनचे बिऱ्हाडही तिथेच आले. पाहुणचार आणि पाळत एकाच छपराखाली. मुलांना ते कळत होते.

नजर नसलेल्या सहलीही होत्या, हे मात्र नोंदवायला हवे. पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांनी 1888 मध्ये स्वतःच क्लब काढून, पैसे साठवून फ्लॉरेन्स गाठले. त्यांच्यातला टॉमस ओकी धंद्याने बुरूड होता, टोपल्या विणायचा. इटालियन तो अशाच वर्गांतून शिकला आणि 1919 मध्ये केंब्रिजचा इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला. अठराव्या शतकातल्या एखाद्या ड्यूकने टूरवरून इतके काही आणल्याचे मला आठवत नाही.

विद्यापीठाने स्वतः मुलांना परदेशी न्यायचे, हे त्यानंतरचे. महायुद्धात फ्रान्समध्ये राहून आलेल्या रेमंड कर्कब्राइड या प्राध्यापकाने 1923 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाची आठ मुले जहाजाने फ्रान्सला नेली. आधी नान्सीला भाषा पक्की करायला, मग पॅरिसला. तिसरे वर्ष परदेशात काढायची अमेरिकन चाल तिथून रुळली. युरोपात 1987 मध्ये 'इरॅस्मस' सुरू झाले, पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी. पुढचे आकडे मोठे आहेत आणि कंटाळवाणेही.

आजची बस बहुधा विद्यार्थी संघटनेची किंवा एखाद्या सहल कंपनीची असते. स्टोनहेंजला शिळांभोवती 1970 च्या दशकाअखेरीस आलेली दोरी आहे, कानात ध्वनिमार्गदर्शक. निघण्याच्या वेळी कोणीतरी डोकी मोजतो, पण ते सीट रिकामी राहू नये म्हणून. खरी मोजणी विद्यापीठात होते. मार्च 2009 पासून ब्रिटनच्या नव्या व्हिसा पद्धतीत विद्यार्थी दाखल झाला नाही किंवा यायचा थांबला तर विद्यापीठाने सरकारला कळवायचे असते. धिंग्राच्या गोळ्यांना तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.

मराठी मुलांचा एक शनिवार मात्र या बसमध्ये जात नाही. ती हायगेटला इंडिया हाउसची इमारत आणि तिच्यावरची सावरकरांच्या नावाची पाटी बाहेरून पाहून येतात, आणि चॉक फार्म स्टेशनवर उतरून 10, किंग हेन्रीज रोडला जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतले. ही वाट कोणा मास्तरने आखून दिलेली नाही, अभ्यासक्रमातही नाही. घराचे संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने हरकत घेतली, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, त्यातली एक अशी होती की इथे बसच्या बस भरून माणसे येतात, फोटो काढतात आणि गोंगाट करतात. मार्च 2020 मध्ये वरून परवानगी मिळाली.