पोळ्यापर्यंतचं वाचन

माझ्या घरी देवाच्या फळीवर दोन पुस्तकं शेजारी शेजारी असतात. एक ग्रामगीता, भगव्या कापडात बांधलेली. दुसरी उद्धव शेळक्यांची 'धग'. तिला पुठ्ठा नाही, पहिली काही पानं नाहीत आणि खूण म्हणून आत निळ्या पॉपलीनची एक चिंधी आहे. कादंबरी देवाजवळ काहून ठेवली, असं सूनबाईनं एकदा विचारलं. मी टाळून नेलं. खरं म्हणजे ते पुस्तक माझं नाही.

आमचं गाव मोझरीहून दोन कोसावर. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिथं गुरुकुंज आश्रम उभा केला, तेव्हा माझा आजा बंडीनं दगड टाकायला गेला होता, असं घरात सांगत. महाराज यावलीचे, म्हणजे आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. शाळा थोडकीच शिकले. पण खंजेरीवर भजन धरलं की गावंच्या गावं उठून येत. १९४२ च्या चळवळीत सरकारनं त्यांना धरून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सुटून आले अन् पुढच्याच वर्षी, १९४३ साली, 'श्रीगुरुदेव' मासिक सुरू झालं. या मासिकाचे जुने अंक मी आमच्या घरच्या कोठीत पाहिले आहेत. कोपरे तेलकट झालेले. एक अंक दहा घरी फिरायचा, आणि ज्याला अक्षर येत होतं तो बाकीच्यांना वाचून दाखवायचा. आमच्याकडं वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणंच. मनातल्या मनात वाचणारा माणूस आजारी आहे की काय, असं म्हाताऱ्या बाया विचारत.

पुढं १९५५ साली ग्रामगीता आली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. आजवरच्या पोथ्या देवाला वाहिलेल्या. ही गावाला वाहिलेली. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती अशी अध्यायांची नावं. संडास, खत, पंचायत, लग्नातला खर्च हे ओवीत बसू शकतं, हे आमच्या लोकांना पहिल्यांदा कळलं.

गावात शिंपीमामा होते. नात्याचे नव्हेत, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. मशीन आमच्या ओसरीच्या समोर, रस्त्याच्या पल्याड. मी १९७६ साली दहावी झालो अन् बापानं वावरात घातलं. पुस्तकाची चट लागलेली होती. दुपारी डवरा सुटला की मी मामांकडं जाऊन बसायचो. ते काजं करत, मी वाचत असे. उच्चार चुकला की मशीन थांबायची. मामा चौथी शिकलेले, पण असा कान मी पुढं कोण्या प्रोफेसराजवळही पाहिला नाही.

१९७९ च्या श्रावणाआधी मामा म्हणाले, "भाचे, दरसाल शिवलीलामृत होते, नवनाथ होते. यंदा महिनाभर आपलं वाचू. पयले ग्रामगीता, अन् मंग हे." 'हे' म्हणजे 'धग'. अमरावतीच्या रद्दीवाल्याकडून आणलेली. ती शिंप्याच्या घरची गोष्ट आहे, कौतिक नावाच्या बाईची, एवढ्यावरच त्यांनी ती उचलली होती. वर सगळी बोलणी वऱ्हाडीत. आपण बोलतो तसं कोणी छापते, यावर मामींचा तर विश्वासच बसला नाही.

श्रावण प्रतिपदेला बसलो. संध्याकाळी सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची, पांढऱ्या पट्ट्यांवर सगळ्या जातीचे ओळीनं बसायचे. ती झाली की ज्याला थांबायचं तो थांबे. पहिल्या दिवशी सात माणसं होती. आठव्या दिवशी ओसरी भरली, आणि मागं अंधारात बाया येऊन बसू लागल्या. लाईट आली होती, पण भरवशाची नव्हती. म्हणून कंदील पुसून ठेवलेला असे. पोळ्याच्या आत दोन्ही पुस्तकं उरकायची होती, म्हणून रोज तीन-तीन अध्याय घेतले. घसा बसला. मामी जेष्ठमध द्यायच्या.

मामींचं माहेर रिद्धपूरकडचं. मोर्शी तालुक्यातलं हे रिद्धपूर महानुभावांचं मोठं ठाणं. सातशे वर्षांमागं म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या इथं. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडं जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. त्यातून लीळाचरित्र झालं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. महदाइसेचे धवळेही तिथलेच. मोठ्या आक्रमणात मूळ पोथी गेली आणि पुढच्यांनी तोंडपाठ होतं त्यावरून ती पुन्हा उभी केली, त्यात हिराइसा नावाच्या बाईचं पाठांतर कामी आलं, असं त्या पंथाची परंपरा सांगते. मामींना अक्षर येत नव्हतं, पण हे सगळं त्यांना माहेरच्या नात्यातल्या माणसासारखं माहीत होतं. काल कुठं थांबलो हे मला आठवत नसे. त्या मागून सांगत, शब्दासकट.

ग्रामगीता पंधरा दिवसांत झाली. मग 'धग' सुरू केली, आणि ओसरीचा रंग बदलला. ग्रामगीता ऐकताना लोक मान डोलवत. कौतिकचं ऐकताना कोणी मान डोलवत नव्हतं. नवऱ्याच्या शिवणकामावर घर भागत नाही, बाई राब राब राबते, लेकरं, भूक, उसनवारी. हे ऐकायला पोथी कशाला पाहिजे, घरी जाऊन पाहावं, अशी तऱ्हा. मला ते वाचवत नव्हतं. ग्रामगीतेत गाव कसं असावं ते लिहिलेलं. इथं आहे तसं. ग्रामगीता १९५५ ची, 'धग' १९६० ची. पाच वर्षांच्या अंतरानं एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेली ही दोन पुस्तकं मला त्या वयात एकमेकांची वैरी वाटली. आज वाटत नाहीत.

पोळ्याला पाच दिवस उरले होते. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं आणि बोलून गेलो, "मामा, हे बंद करू. गावाची बदनामी आहे. प्रार्थनेच्या जागेवर हे शोभत नाही."

मामांनी चष्मा काढला. म्हणाले, "श्रमसंपत्तीचा अध्याय तूच वाचला न परवा? मंग सांग बरं, तुया बापाच्या वावरात निंदाले बाई जाते, तिले काय देता?"

कोणी बोललं नाही. मागं अंधारात ज्या बाया बसल्या होत्या, त्या त्या दिवशी आमचीच पऱ्हाटी निंदून आल्या होत्या. गड्याच्या मजुरीच्या निम्म्याहून थोडं जास्त आम्ही बाईला देत होतो. सगळं गाव तेवढंच देत होतं. त्याच सालच्या २६ जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला होता आणि हमीच्या कामावर बाई-माणसाला एकाच दरानं पैसे मिळू लागले होते. म्हणून ही गोष्ट गावात आधीच धुमसत होती. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

बाप ओसरीच्या टोकाला बसलेला होता. उठला आणि घरात गेला. रात्री मला एवढंच म्हणाला, "उद्यापासून तिकडं पाय ठेवायचा नाही." मी ठेवला नाही. वीस वर्षांचा होतो, मिशी आलेली होती, पण ठेवला नाही. वाचन मोडलं. पुस्तक माझ्या हातात घरी आलं होतं, ते कोठीत पडलं. मामा मागायला आले नाहीत. मी द्यायला गेलो नाही. मधी फक्त रस्ता होता.

पोळ्यानंतर निंदणाला बाया आल्या तेव्हा त्यांनी मजुरी वाढवून मागितली. बापानं चार दिवस ताणलं, तण हाताबाहेर गेलं, मग दिली. गड्याइतकी नाही, पण दिली. हे 'धग'मुळं झालं, असं मी म्हणणार नाही. भाव सगळीकडंच चढत होते. पण बाप मरेपर्यंत म्हणायचा, त्या शिंप्यानं पुस्तक वाचून माझं नुकसान केलं.

पुढं तयार कपडे आले. मामांकडचं काम पोलक्यांवर अन् फाटक्या-तुटक्यावर आलं, आणि एके साली ते बिऱ्हाड घेऊन अमरावतीला गेले.

महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. दरसाल आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंजात पुण्यतिथीचा महोत्सव असतो. दिंड्या पायी येतात. लाखो लोक जमतात, आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळे मौन धरतात. एवढ्या गर्दीत पाखरांचा आवाज ऐकू येतो. मी दरसाल जातो. पुस्तक पिशवीत नेत असे, मामा भेटले तर द्यावं म्हणून. आता हसू येतं. अमरावतीला त्यांच्या घरी जायला कोण अडवत होतं?

२००९ साली, महाराजांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मौन संपलं, लोक उठले आणि तीन ओळी पुढं मामी दिसल्या. केस पांढरे, हातात काठी, सोबत नातू. मी पाया पडलो. त्यांनी हातानं चेहरा चाचपला.

"बापू होय न तू? मामा तुये गेले. दोन वर्स झाले."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांनी ते घेतलं, चिंधीवर बोट फिरवलं. म्हणाल्या, "दुसरं आना म्हटलं त रागवत होते. म्हणे, आपलं पुस्तक हाय न, येईल."

मग तिथंच दास टेकडीच्या वाटेवर दगडावर बसून त्यांनी मला पहिल्या दिवसापासूनची कौतिक सांगितली. क्रम चुकला नाही. कोणत्या दिवशी लाईट गेली, तेही सांगितलं. मी पुस्तक जिथं मिटलं होतं तिथं येऊन थांबल्या.

"अन् पुढं? कौतिकचं पुढं काय झालं रे? तीस वर्स झाले."

नातू म्हणाला, एसटी चुकेल. त्याला म्हटलं, जाऊ दे, मी पोचवून देतो. चिंधी बाजूला केली आणि उजेड होता तोवर वाचलं. उरलेली पानं दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर. संपल्यावर मामी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग पुस्तक माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "ठेव तुयापाशी. आमच्या घरी कोण वाचते आता." आणि चहा टाकायला उठल्या.