फेटाळलेल्या दाव्याचा धनी

ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या जमीनहक्काचा विषय निघाला की एडी कोइकी माबो हे नाव पहिल्यांदा घेतले जाते. इंग्रज आले तेव्हा ही भूमी कायद्याच्या दृष्टीने बिनमालकीची होती, हे गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 1992 रोजी सहा विरुद्ध एक मताने मोडीत काढले. तो निकाल माबोंच्या नावाने ओळखला जातो. गंमत अशी, की खुद्द माबोंचा स्वतःच्या जमिनीवरचा दावा त्या खटल्यात टिकलाच नाही. वस्तुस्थिती तपासायला नेमलेल्या न्यायमूर्ती मॉयनिहन यांनी 1990 मध्ये निष्कर्ष दिले. मामा बेनी माबो यांचे दत्तक वारस म्हणून एडी सांगत असलेला हक्क त्यांनी मान्य केला नाही. एडींची साक्षच त्यांना पुरती भरवशाची वाटली नाही. काही अंशी ग्राह्य धरले गेले ते डेव्हिड पासी आणि जेम्स राइस या सहवादींचे दावे.

मग मोठेपण पासी आणि राइस यांचे, किंवा रॉन कॅस्टन यांच्यासारख्या वकिलांचे का मानू नये? आक्षेप पोकळ नाही. पण खटला उभा कसा राहिला, हे पाहावे लागते. टाउन्सविलच्या विद्यापीठात माळीकाम करणाऱ्या माबोंना हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या इतिहासकारांशी बोलताना कळले, की मेर बेटावरची आपली वाडवडिलांची जमीन सरकारदप्तरी राजसत्तेची आहे. 1982 मध्ये त्यांनी इतर चौघांसह दावा लावला. क्वीन्सलँड सरकारने 1985 मध्ये पूर्वलक्षी कायदा करून तो मुळातूनच खुडून टाकायचा डाव टाकला. 1988 मध्ये न्यायालयाने तो कायदा चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. म्हणजे एका मताने सगळे वाचले. मेरवर एकाची बाग कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे दगड, झाडे आणि पायवाटा दाखवून सांगता येते, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या बागेत पाय टाकू नये असा मालो देवाचा दंडक आहे. वाडवडिलांकडून ऐकलेली ही माहिती माबोंनी कोर्टात मांडली, तेव्हा सरकारी वकील ‘ऐकीव पुरावा’ म्हणून पुनःपुन्हा हरकत घेत राहिले. लेखी दस्त नसलेल्या समाजाने आणखी कोणता पुरावा आणायचा?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: बांध घालून बागा कसणाऱ्या बेटाचा न्याय मुख्य भूमीवरच्या, हाकलून दिलेल्या लोकांना कितपत लागू पडणार? न्यायमूर्तींनी तत्त्व साऱ्या देशासाठी सांगितले आणि 1993 मध्ये त्यावर कायदाही झाला, हे खरे. तरी परंपरेशी अखंड नाते सिद्ध करण्याची अट राहिलीच, आणि मुख्य भूमीवरचे योर्टा योर्टा लोक 2002 मध्ये त्याच अटीवर हरले. ही मर्यादा निकालाची आहे; तिचा दोष दावा लावणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

माबो 21 जानेवारी 1992 रोजी, निकालाच्या साडेचार महिने आधी, कर्करोगाने गेले. 1995 मध्ये टाउन्सविलमधल्या त्यांच्या कबरीची विटंबना झाली, तेव्हा कुटुंबाने त्यांचे अवशेष मेरला नेले आणि लास या त्यांच्या जन्मगावी पुन्हा दफन केले.