यमल स्फटिक व संरचना-निश्चिती

एकाच पदार्थाचे दोन वा अधिक स्फटिक ठराविक सममितीय संबंधाने परस्परांशी जुळून वाढले असता त्यांस यमल किंवा जुळे स्फटिक म्हणतात. ज्या परिवलनाने अथवा परावर्तनाने एका घटकाची मांडणी दुसऱ्यावर नेता येते, त्यास यमलन-नियम म्हणतात.

महाराष्ट्रातील याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे पेंटॅगोनाइट होय. दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टातील पोकळ्यांत ते कॅव्हान्साइट या निळ्या खनिजाच्या जोडीने आढळते. दोन्ही खनिजे सजल कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेटे असून त्यांचे रासायनिक संघटन एकच, परंतु अणुरचना भिन्न आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील नमुन्यांवरून स्टेपल्स, एव्हान्स व लिंडसी यांनी १९७३ मध्ये त्यांचे वर्णन केले. संरचनाही एव्हान्स यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केल्या. पेंटॅगोनाइटाचा छेद पंचकोनी ताऱ्यासारखा दिसतो व त्यावरूनच हे नाव पडले. वस्तुतः आवर्ती स्फटिकात पंचगुणी सममिती असंभाव्य आहे. या समचतुर्भुजी स्फटिकाच्या दोन कोष्ठिका-बाजू सु. १०·३० व १४·०० अँगस्ट्रॉम असल्याने त्याच्या प्रचिन-पृष्ठांमधील कोन सु. ७२·७° येतो. तो ७२° ला निकट असल्याने पाच घटक जुळून तारा बनतो.

लाउए यांनी १९१२ मध्ये क्ष-किरण विवर्तन दाखविल्यानंतर यमलनाचा अडथळा स्पष्ट झाला. प्रत्येक घटकाचे विवर्तन स्वतंत्र असते, पण ठिपके एकमेकांवर पडतात. त्यामुळे असे स्फटिक बहुधा टाकून दिले जात. घटक समभाग असल्यास सममिती खोटीच उच्च भासते व चुकीची संरचना निष्पन्न होऊ शकते. फ्रीडेल यांनी १९२६ च्या ग्रंथात यमलनाचे जालकाधिष्ठित वर्गीकरण मांडले. मोजलेली तीव्रता ही घटकांच्या तीव्रतांची भागप्रमाणानुसार बेरीज असते, या तत्त्वावर प्रॅट, कॉइल व आयबर्स यांनी १९७१ मध्ये परिशोधन केले. शेल्ड्रिक यांच्या ‘शेलएक्सएल-९३’ या आज्ञावलीने ही रीत सर्वसुलभ केली.

तीव्रतांचे वितरणही यमलन सूचित करते. प्रसामान्यीकृत तीव्रता व १ यांमधील निरपेक्ष फरकाची सरासरी केंद्रसममितिरहित स्फटिकात सु. ०·७३६, तर समभाग यमलात सु. ०·५४१ अपेक्षित असते. तथापि केवळ अवशेषांक घटला म्हणून यमलन सिद्ध होत नाही. बंधलांबी व बंधकोनही रसायनशास्त्रीय दृष्ट्या सुसंगत असावे लागतात.