हिरवळीवरील वहिवाट

शरद ऋतू सरत आला, कार्तिकातील पहाटेच्या हवेत गारवा उतरू लागला, म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील लहानशा उद्यानांतही, दवाने भिजलेल्या हिरवळीच्या कडेने, लांब शेपटी खालीवर हालवीत लगबगीने किडे टिपणारा एक सडपातळ पाहुणा स्थिरावलेला दिसतो. पाठीवर राखी आणि पोटाखाली पिवळी छटा असलेल्या या पक्ष्यास करडा धोबी म्हणतात; संस्कृतात त्याच्या कुळास खंजन ही संज्ञा आहे. पक्षिनिरीक्षण हा अर्वाचीन छंद होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या एका कुळाकडे आपण कसकसे पाहत आलो याचा मागोवा घेतला, तर पाहण्याची रीत फार पुरातन असून पालटत गेला तो पाहणाऱ्याचा हेतू, असे ध्यानात येते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत खंजनाच्या दर्शनाला एक अध्यायच वाहिला असून, तो कोणत्या जागी दृष्टीस पडला असता कोणते फळ मिळते, याचा विचार त्यात तपशिलाने केला आहे. दसऱ्यास नीलकंठाचे दर्शन घडावे म्हणून शिवारात नजर टाकणारे, अथवा भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणून समाधान पावणारे आपले पूर्वज याच परंपरेचे वारसदार होते. त्यांची दृष्टी तीक्ष्ण होती. मात्र पक्ष्याच्या ठायी ती शोधीत होती स्वतःचे भवितव्य.

इंग्रजी अमदानीत शकुनाची जागा संग्रहाने घेतली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन निसर्ग-इतिहासाच्या अभ्यासासाठी जी संस्था स्थापिली, तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो हाती असावा लागे, आणि हाती येण्याचा राजमार्ग बंदुकीतून जाई. १९०८ च्या सुमारास सलीम अली नावाच्या एका मुलाने छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी याच संस्थेचा उंबरा ओलांडला. मानद सचिव मिलार्ड यांनी तिची ओळख तर पटवून दिलीच, शिवाय कपाटांतून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याच्यापुढे उघडला.

पुढे त्याच सलीम अलींनी १९३० साली अलिबागेजवळच्या किहीम येथे शिडीवरच्या आडोशात बसून सुगरणींचा संसार न्याहाळला, आणि एकच नर अनेक खोपे विणून अनेक माद्यांशी घरोबा करतो, हे सिद्ध केले. जिवंत पक्ष्यापुढे तासन्‌तास निश्चल बसल्याने जे कळते, ते कपाटातील कातड्यावरून कधीही कळले नसते. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ओळख पटविण्याचे जे साधन तज्ज्ञांच्या दप्तरात बंदिस्त होते, ते सामान्य नागरिकाच्या हाती आले.

याच सलीम अलींनी नमूद करून ठेवलेला एक दाखला मला सर्वांहून मोलाचा वाटतो. पायात कडी चढविलेला एक करडा धोबी, डोंगराळ मुलखातील आपले विणीचे ठिकाण सोडून, मुंबईच्या एका उपनगरातील दाट वस्तीमधल्या त्याच हिरवळीच्या तुकड्यावर वर्षानुवर्षे, जवळजवळ नेमल्या तिथीस, परत येत असे. ज्या भूमीस आपण सार्वजनिक उद्यान म्हणून सरकारदरबारी रुजू करतो, तिच्यावर सनदेवाचून चालत आलेली अशी एक वहिवाट आहे, याची जाणीव या कडीने करून दिली.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिनापासून सलीम अलींच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिनापर्यंतचा सप्ताह महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण सप्ताह पाळणारे हातच हिरवळ उखडून तेथे फरश्या बसवू लागले, तर त्या पाहुण्याने उतरावे कोठे? खंजन कोठे दिसला यावरून वराहमिहिर माणसाचे शुभाशुभ वर्तवीत असे. गेल्या वर्षीच्या जागी तो यंदा दिसला की नाही, यावरून आपल्या वस्तीचे शुभाशुभ आजही सांगता येईल; आणि ते सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही, कार्तिकातील एका पहाटे उद्यानात जाऊन उभे राहणे पुरे आहे.