आयलाचा धूर

आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचं बेट. अटलांटिकच्या वाऱ्यानं तिथं झाडांना फारसं वाढू दिलं नाही. दगडी कोळशाच्या खाणी नाहीत. दलदल मात्र भरपूर. शेवाळ, गवत, हेदरची झुडपं पाण्याखाली अर्धवट कुजतात आणि त्यांचा काळपट थर साठत जातो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. हेच पीट. वसंतात त्याच्या विटा कापायच्या, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. पीटेड सिंगल माल्ट व्हिस्कीमधल्या ज्या धुरासाठी आज लोक मोठी किंमत मोजतात, त्याचं मूळ सरपणाच्या टंचाईत आहे.

माल्ट करण्यासाठी बार्ली भिजवतात, मोड आणतात आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून दाणा भट्टीवर वाळवतात. भट्टीत पीट जळत असेल तर धूर दाण्याला चिकटतो, तोही दाणा ओला असेपर्यंतच. कोरड्या टरफलावर तो फारसा बसत नाही. या धुरात फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी संयुगं असतात. आयलावरच्या लफ्रॉइग व्हिस्कीचा पहिला घोट घेणारे बरेच जण ‘हा तर दवाखान्याचा वास!’ म्हणतात, आणि त्यांचं नाक अगदी बरोबर असतं. १८६५ साली ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टरनं जखमांवर वापरलेलं कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉलच.

एके काळी हा धूर आयलापुरता नव्हता; हायलँड्सच्या भट्ट्यांतही पीट जळत असे. १८६०च्या दशकात हायलँड्समधल्या स्पेसाइडला रेल्वे पोचली, कोळसा आणि कोक सहज मिळू लागला आणि तिथल्या व्हिस्कीतला धूर विरत गेला. आयलानं मात्र तो सोडला नाही. त्याला गिऱ्हाईकही होतं: ब्लेंड करणारे व्यापारी. हलक्या व्हिस्कीत थोडीशी आयला घातली की साऱ्या मिश्रणाला अंग येई.

या धुराचं मोल पीटर मॅकी या तापट माणसाइतकं कुणी जाणलं नसेल. आयलावरची लागावुलिन डिस्टिलरी त्याच्या ताब्यात होती आणि शेजारच्या लफ्रॉइगची विक्रीही त्याच्याच पेढीकडे होती. १९०७ साली ती एजन्सी हातची गेली. मॅकीनं लफ्रॉइगचं पाणी अडवलं. कोर्टानं ते सोडायला लावलं. मग १९०८ साली त्यानं लागावुलिनच्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी उभारली. लफ्रॉइगची हुबेहूब नक्कल करायची, एवढाच तिचा हेतू. तिथला माणूसही फोडून आणला. तरी ती चव उतरली नाही. माल्ट मिल चालली, पण वेगळ्याच चवीची व्हिस्की देत राहिली आणि १९६२ साली बंद पडली.

मला धुराच्या या कुळकथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच वाटतो, कारण चव एकट्या पीटची नसते हे इथं सिद्ध झालं. फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात. धार कधी तोडायची, यावर किती धूर पिंपात जाणार हे ठरतं. भांड्याचा आकार, पिंपाचं लाकूड, मुरण्याची वर्षं, सगळ्यांचा त्यात हात असतो. लागावुलिन आणि आयलावरचीच कुलीला यांची बार्ली साधारण सारख्याच धुराची, दोन्हींचा माल्ट बेटावरच्याच पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो. तरी लागावुलिन जड आणि गोडसर, कुलीला हलकी आणि तरतरीत.

आता ही चव स्कॉटलंडबाहेरही पडली आहे. गोव्यात तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या पीटेड व्हिस्कींसाठी पीट स्कॉटलंडहून येतं.

फिनॉलचं प्रमाण सांगणाऱ्या पीपीएमच्या (दशलक्षात किती भाग) आकड्याला मात्र भुलू नका. आयलाच्याच आर्डबेगचे ५५ असोत की ऑक्टोमोरचे शंभराच्या वर, तो आकडा भट्टीतून निघालेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. पिणाऱ्यानं बर्फ बाजूला ठेवावा, चार थेंब पाणी घालावं आणि आधी नुसता वास घ्यावा.