प्रशासकीय भाषा आणि लिंगभाव

सरकारी पदनामे, नियम, आदेश आणि संबोधने यांतून स्त्री-पुरुषांच्या कामाचे मोल कसे ठरते, याचा अभ्यासविषय. भारतीय कायद्यात पुल्लिंग हेच आधारभूत रूप आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम १३ नुसार पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. जळगावच्या प्रतिभा पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्या पदनामातील ‘पती’ची चर्चा झाली, पदनाम तेच राहिले.

मराठीत सचिव, आयुक्त, जिल्हाधिकारी ही पदनामे स्त्रीसाठीही बदलत नाहीत. पदावर बाई आहे हे क्रियापद सांगते : ‘जिल्हाधिकारी आल्या’. शुश्रूषा आणि बालसंगोपनाची पदे मात्र स्त्रीलिंगी रूपातच रुळली : परिचारिका, अधिसेविका, अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका. अधिकार पुल्लिंगात आणि सेवा स्त्रीलिंगात, अशी ही वाटणी आहे.

तिची खरी किंमत अंगणवाडीत दिसते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सेविका आणि मदतनीस यांना शासनाने ‘मानसेवी’ ठरवले आणि त्यांच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हटले. पूरक आहार, मुलांची वजने, गृहभेटी, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरणाला मदत आणि या सगळ्याच्या नोंदी एवढे काम त्यांच्याकडे असते. मानधन हा शब्द व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला शोभतो. रोज केंद्र उघडणाऱ्या बाईला तो लावला, की वेतनश्रेणी, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन यांचा दरवाजा बंद होतो. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेला मात्र नियमित वेतन मिळते.

न्यायालयांतही वाद याच शब्दांभोवती फिरला. कर्नाटकातील अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद मानले नाही. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या मणिबेन भारिया प्रकरणात, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने हे मानधन ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते वेतनच आहे, असा निर्णय दिला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मुळे अंगणवाडीच्या कामाला वैधानिक आधार मिळाला, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. त्यानंतरही महाराष्ट्रातील शासन निर्णयांत ‘मानधन’ हाच शब्द कायम आहे. तो बदलायला हवा, कारण हे काम पगाराचे आहे.