अरुंद डब्यातला पहिला वर्ग

डब्लिनच्या विमानतळावर काचेपलीकडे उभं असलेलं विमान पाहिलं आणि माझा चेहराच उतरला. बोस्टनला नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं साठवलेले पॉइंट खर्चून मला बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं होतं. तिथल्या मराठी मंडळींनी कविता वाचायला बोलावलं होतं. मुंबई ते लंडन आणि लंडन ते डब्लिन हा प्रवास इकॉनॉमीत अंग चोरून झाला. शेवटचा टप्पा, अटलांटिक ओलांडण्याचा, तेवढा ऐषारामाचा होता. मनात चित्र होतं दुमजली, पोटाळू जंबो विमानाचं. आणि समोर काय, तर पुण्याहून दिल्लीला जातं तसलं, दोन इंजिनांचं, मधून एकच वाट असलेलं लांबुळकं विमान. एअरबस ए-३२१.

भाच्याला फोन लावला. "अरे, हे विमान समुद्र ओलांडणार?"

तो हसला. "मामू, नॅरोबॉडी है. पांव पसारके सोना."

नॅरो हा शब्द मिरजेच्या माणसाला नवा नाही. आमच्या लहानपणी मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडे साडेपाच फुटी ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरकडे अडीच फुटी नॅरोगेज. एकाच गावात तिन्ही गाड्या दिसाव्यात, असं भाग्य देशात फार थोड्या गावांना लाभलं. अब्बा नॅरोगेजच्या डब्यांवर फिटर होते. त्यामुळे आमच्या घरात जगाची विभागणी गरीब-श्रीमंत अशी होण्याआधी रुंद आणि अरुंद अशी झाली होती. ब्रॉडगेजवाले स्वतःला थोर समजत. नॅरोगेजवाल्यांना ते कबूल नव्हतं.

त्या दिवशी डब्लिनला मात्र मीच ब्रॉडगेजवाल्यासारखा नाक मुरडून उभा होतो. परत आल्यावर थोडं वाचन केलं, तेव्हा आपली चूक कळली. अटलांटिकवरची जेट विमानांची वाहतूक अरुंद विमानांनीच सुरू केली. १९५८ च्या ऑक्टोबरात आधी ब्रिटिशांचं कॉमेट आणि तीन आठवड्यांनी अमेरिकनांचं बोइंग ७०७ प्रवासी घेऊन या महासागरावरून गेलं. बोइंग ७०७ ची बाहेरून रुंदी पावणेचार मीटर. माझं ए-३२१ त्याहून वीतभर रुंदच आहे!

त्या यादीत आपणही फार मागे नव्हतो. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७, 'गौरीशंकर', १९६० च्या फेब्रुवारीत ताफ्यात आलं आणि जेट विमान बाळगणारी आशियातली ती पहिली कंपनी ठरली. १४ मे १९६० रोजी तिची न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. मुंबईत १९४६ साली बॉबी कुका आणि उमेश राव यांनी जन्माला घातलेला, पगडीवाला, वाकून स्वागत करणारा महाराजा आता अटलांटिकपार जाऊ लागला. या विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं होती. त्यांतलंच 'कांचनजंगा' २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं. त्यात डॉ. होमी भाभा गेले.

१९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे निघाले. मिरज तर डॉक्टरांचं गाव. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली बोटीनं अटलांटिक ओलांडून हिंदुस्थानात आले आणि मिरजेत त्यांनी मोठं रुग्णालय उभं केलं. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं. तिथून शिकून बाहेर पडलेली पोरं पुढं उलट दिशेनं अटलांटिक ओलांडू लागली. खिशात परकीय चलनाच्या नियमाप्रमाणे मोजके आठ डॉलर आणि बूड ७०७ च्या सहा खुर्च्यांच्या ओळीत. पुढच्या पडद्याआड पहिला वर्ग. बिझनेस क्लास नावाचा मधला वर्ग तेव्हा जन्मलाच नव्हता. तो आला १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

तोवर रुंद विमानं आली होती. जानेवारी १९७० मध्ये जंबो, म्हणजे बोइंग ७४७, अटलांटिकवर उडू लागलं आणि १९७१ मध्ये एअर इंडियाकडेही आलं. आतली रुंदी सहा मीटरच्या वर, दोन वाटा, वर जायला जिना. त्यापुढं ७०७ म्हणजे नॅरोगेज! अपवाद एकच, काँकॉर्ड. १९७६ ते २००३ या काळात आवाजाच्या दुप्पट वेगानं उडणाऱ्या या विमानात एका ओळीत अवघ्या चार खुर्च्या होत्या. एकूण शंभर. जगातले धनाढ्य लोक त्यात मुकाट्यानं अंग चोरून बसत. घाईला रुंदी लागत नसावी.

दोन इंजिनांच्या विमानांना समुद्र बंद होता, तो नियमामुळे. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर तासाभरात विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी अट १९५३ पासून होती. भर अटलांटिकमध्ये विमानतळ कुठून आणणार? इंजिनं भरवशाची झाली तशी १९८५ मध्ये ही मुदत दोन तासांवर नेली. मग बोइंग ७५७ हे अरुंद विमान समुद्रावर जाऊ लागलं. हिवाळ्यात त्याचे हाल होत. पश्चिमेकडून सुटणारा वारा तोंडावर घेत अमेरिकेकडे जाताना इंधन पुरत नसे. २०११ च्या डिसेंबरात तर कितीतरी ७५७ विमानांना कॅनडाच्या टोकाला उतरून तेल भरावं लागलं. एसटी वाटेत डिझेलला थांबावी तसं.

२००९ मध्ये ब्रिटिश एअरवेजनं याची उलटी गंमत केली. लंडन शहराच्या पोटातल्या छोट्या विमानतळावरून न्यूयॉर्कला जाणारं इवलंसं ए-३१८ सुरू केलं. त्यात फक्त ३२ खुर्च्या, सगळ्या बिझनेस क्लासच्या. धावपट्टी इतकी आखूड की टाकी भरून उडताच येत नसे. म्हणून जाताना आयर्लंडमध्ये शॅननला उतरायचं, तेल भरायचं, आणि तेवढ्या वेळात प्रवाशांची अमेरिकेची तपासणीही तिथंच उरकायची. २०२० मध्ये ती सेवा बंद झाली. पण तोवर ए-३२१ चे लांब पल्ल्याचे भाऊबंद आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातलं सर्वांत लांब जाणारं, ८,७०० किलोमीटरचा पल्ला असलेलं विमान माद्रिदहून बोस्टनला गेलं.

हे सगळं कशासाठी? उत्तर बार्शीत सापडतं. जीआयपी रेल्वेचा मोठा मार्ग बार्शीची कापसाची पेठ वीस-एकवीस मैल बाजूला टाकून गेला होता. तेवढ्यासाठी ब्रॉडगेज परवडणार नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं सांगितलं, अडीच फुटी रूळ टाका. दर आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ देऊ नका. हलके रूळ पुरतील आणि डबे मात्र ऐसपैस बांधता येतील. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढं ती पंढरपूर, लातूर करत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. जिथं रुंद गाडी भरणार नाही तिथं अरुंद गाडी रोज भरून जाते, हा त्यातला हिशेब. तीनशे माणसांचं विमान डब्लिनहून वा लिस्बनहून दर दिवशी भरणं कठीण. पावणेदोनशेंचं भरतं. मग लहान शहराला मोठ्या शहराचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत.

या कॅलथ्रॉपची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून त्याच्या डोळ्यांदेखत मेला. तेव्हापासून हा आगगाडीवाला हवाई छत्रीच्या मागं लागला. 'गार्डियन एंजल' नावाची छत्री त्यानं तयार केली. पहिल्या महायुद्धात हेर उतरवायला ती वापरली, वैमानिकांना मात्र साहेबानं दिली नाही. कॅलथ्रॉप १९२७ मध्येच वारला, आमच्या गावाला त्याची गाडी आली त्याच वर्षी.

डब्लिनलाच अमेरिकेची तपासणी होते. रांगेत पुढं एक हैदराबादी गृहस्थ होते. मी कविता करतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "उर्दू में?" हा प्रश्न मला मिरजेतही विचारतात. "मराठी में," म्हणालो. ते गप्प झाले.

विमानात पडद्याच्या पुढं सोळाच खुर्च्या. एका ओळीत दोन-दोन, पुढच्या ओळीत एक-एक. माझ्या नशिबी एकटी आली. दोन्ही अंगांना टेकायला जागा, बटण दाबलं की खुर्चीचा पलंग. दोन-दोनवाल्यांचं दुःख वेगळं. खिडकीकडच्याला रात्री उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. वाट एकच, त्यात जेवणाची गाडी शिरली की मुतारीची वाट बंद! मिरजेचा माणूस निघाला की कुणी ना कुणी तंबोरा आणायला सांगतंच. मी नाही म्हटलं होतं, ते किती बरं केलं. तो भोपळा या विमानात कुठं ठेवला असता?

बसण्याआधी माझा तळहात आपोआप गादीवर गेला. दाबून पाहिलं. ही सवय अब्बांची. नॅरोगेजच्या एका डब्याचा अर्धा भाग पहिल्या वर्गाचा असे. दुरुस्ती झाली की अब्बा प्रत्येक बाकाची गादी तळहातानं दाबून बघायचे, मग खालचे स्क्रू. मी आठ-नऊ वर्षांचा असताना यार्डात अशाच एका बाकावर चढून बसलो. त्यांनी उचलून खाली ठेवलं. "बैठना है तो टिकट निकालके बैठ." रागावले नव्हते. त्यांच्या पासावर पहिला वर्ग कधी आला नाही आणि तिकीट त्यांनी कधी काढलं नाही. तो मार्ग रुंद होऊन जुने डबे गेले, तेव्हा अब्बा घरी बसले होते.

पलंग सपाट केला, पांघरूण घेतलं. झोप काही आली नाही. सात तास खाली काळं पाणी आणि तोंडावर वारा. मध्येच अंधारात हात खाली घालून खुर्चीचे स्क्रू चाचपून पाहिले. हवाई सुंदरी लगबगीनं आली, काही हरवलं का म्हणाली.

बोस्टनला भाचा दारातच उभा होता. "मामू, सोये क्या?"

"नहीं रे," म्हटलं. "पर काम पक्का है."